कान फुकट, पैसे दुसरीकडे

आज रियाज नाही. तानपुरे गवसणीतच राहू द्या, पेटीचा भाता बंद करा आणि सगळे नीट मांडी घालून बसा. मागे भिंतीला टेकून बसलेले पालक, तुम्हीही मोबाइल खाली ठेवा. मुलांपेक्षा हे तुमच्यासाठीच जास्त आहे, कारण पैसे तुमच्या खिशातून जातात आणि कुणाला द्यायचे हे तुम्ही ठरवता.

दिवाळीच्या सुमारास मी तारा आणायला लक्ष्मी रस्त्याच्या मागच्या बाजूला एका वाद्यांच्या दुकानात गेले होते. आत दुरुस्तीच्या खोलीत बसले होते, त्यामुळे बाहेर कोण आलंय ते मला दिसत होतं, मी त्यांना दिसत नव्हते. आपल्याच वर्गातली एक मुलगी आईबरोबर आली. नाव घेणार नाही. जिचं आहे तिला कळलं आहे, आणि इथल्या निम्म्या घरांनी हेच केलेलं आहे. दुकानदार सत्तरीच्या पुढचे. त्यांनी भिंतीवरचे तीन तानपुरे उतरवले, फडक्यानं पुसले, तिन्ही जुळवले. मुलीला आकार लावायला सांगितला. तिची पट्टी काळी चार की काळी पाच हे दोनदा ऐकून ठरवलं. 'आवाज अजून बसायचाय, आत्ता पाचचा घेऊ नका, दोन वर्षांनी अडचण होईल,' म्हणाले. कुठली तार कुठे, किती जाडीची, हे सांगितलं. आईनं सगळं वहीत लिहून घेतलं, फोटो काढले, आणि 'घरी विचारून कळवते' म्हणून दोघी उठल्या. पायरीवर उभं राहून त्या बाईंनी फोनवर किमती पाहिल्या आणि तिथल्या तिथे दुसरीकडचा तानपुरा मागवला. मुलीशी चाललेलं बोलणं आतपर्यंत ऐकू येत होतं. दुकानदारांनाही ऐकू आलं असणार. ते काही बोलले नाहीत, तिन्ही तानपुरे परत भिंतीला लावत राहिले.

तो मागवलेला तानपुरा पुढं वर्गात आला. तारा छेडल्या की आवाज उठतो आणि तिथंच विझतो. घोडी तबलीवर एका अंगाला कललेली. खर्जाला लावलेली तार इतकी बारीक, की तिच्यातून खर्ज निघणं शक्यच नव्हतं. मग तीच आई तो तानपुरा घेऊन त्याच दुकानात गेली. 'जरा जवारी काढून द्या, तुमचं काय, दहा मिनिटांचं काम.' त्यांनी काढून दिली. मी त्यांच्या जागी असते तर दिली नसती.

दहा मिनिटांचं काम म्हणता, तर ते काय असतं ते ऐका. घोडीचा माथा लांबून सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. त्याला अगदी हलका उतार असतो. तार त्या उतारावर पूर्ण टेकत नाही आणि पूर्ण सुटतही नाही. कंप पावताना ती माथ्याला पुन्हा पुन्हा चाटून जाते, आणि त्या चाटण्यातून वरचे सूर उमलतात. खर्जाच्या तारेतून कुणी न वाजवलेला गंधार ऐकू येतो, ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो, तो तिथून येतो. कारागीर तार उतरवतो, कानशीचे दोन हात मारतो, तार चढवतो, सुरात आणतो, कान लावतो, पुन्हा उतरवतो. चार तारांचं चार वेळा. केसभर जास्त घासलं गेलं तर ते परत भरता येत नाही, अख्खा माथा नव्यानं घासावा लागतो. कुणाला खुली जवारी हवी असते, कुणाला बंद, आणि बायकांच्या बारीक तारांना जे चालतं ते पुरुषांच्या जाड तारांना चालत नाही. सगळं झाल्यावर तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, तो एक तांदूळभर पुढंमागं झाला तरी आवाज बदलतो. पूर्वी घोडीला हस्तिदंत किंवा सांबरशिंग लावायचे. वन्यजीव कायद्यानं ते थांबलं, ते योग्यच झालं. आता उंटाचं हाड असतं, शिसवी लाकूड असतं, प्लास्टिकही असतं, आणि प्रत्येकाला कानस वेगळी चालवावी लागते. हे कुठल्या पुस्तकात मापांसकट लिहिलेलं नाही. ते माणसाच्या कानात आणि मनगटात असतं, आणि तो माणूस दुकानात बसलेला असतो, म्हणून तुम्हाला मिळतं.

तो माणूस तिथं कशाच्या जोरावर बसलाय, याचा विचार इथं किती जणांनी केला आहे? जवारीच्या पैशांवर कुणाचं घर चालत नाही. तारांचा संच विकून तर नाहीच. दुरुस्तीचा हात जिवंत राहतो तो नव्या वाद्याच्या विक्रीवर. महिन्याला चार तानपुरे, दोन पेट्या, काही तबल्याच्या जोड्या गेल्या, तर दुकानाचं भाडं निघतं, आत बसलेल्या कारागिराचा पगार निघतो, आणि मग तुमची निखळलेली खुंटी, सैल झालेला पडदा, फाटलेला भाता बघायला कुणीतरी असतं. तुम्ही विक्री काढून घेतलीत आणि दुरुस्ती तेवढी त्यांच्याकडे ठेवलीत. वरून सल्ला फुकट. हा हिशोब किती वर्षं चालेल असं वाटतं तुम्हाला? त्या दुकानदारांचा मुलगा बँकेत आहे. नातवाला वाद्यांत रस आहे, पण घरचे त्याला तिथं बसू देत नाहीत, आणि मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

मिरजेचं उदाहरण तुम्हाला ठाऊक असायला हवं, कारण तुमच्यातल्या बहुतेकांच्या मांडीवर कधी ना कधी मिरजेचा तानपुरा आला आहे. मिरजेच्या शिकलगारांची घरं पूर्वी तलवारी-भाल्यांना धार लावायची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शस्त्रांचं काम आटलं, तेव्हा त्यांनी वाद्यं हातात घेतली. त्यात फरीदसाहेबांचं नाव पहिलं घेतात. आज तिथं सतारमेकर गल्लीच आहे. पण नुसत्या हातोटीनं एवढं झालं नसतं. पटवर्धनांच्या मिरज संस्थानात गाण्याला आश्रय होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवत होते, विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे तिथंच तयार झाले. पुढं अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. 1937 साली ते गेले तेव्हा त्यांचं दफनही तिथल्या दर्ग्याच्या आवारात झालं, आणि आजही दरवर्षी तिथं गवई येऊन गातात. अशी माणसं गिऱ्हाईक म्हणून कारागिराच्या समोर बसायची. 'अजून बोलत नाही, पुन्हा काढ,' म्हणायची. कारागीर पुन्हा काढायचा. त्या बसण्यातून त्याचा कान तयार झाला, आणि त्याच्या मुलाचाही, कारण मुलगा शेजारी बसून ऐकत असायचा.

ही गोष्ट तुमच्या लक्षात येत नाही, म्हणून मी इतकी चिडले आहे. पैसा तर तुम्ही त्यांच्याकडून काढून घेताच आहात, पण दुकानाची पायरी चढणंही सोडलंत. चांगला कारागीर चोखंदळ गिऱ्हाइकाशिवाय घडत नाही. तुम्ही समोर बसला नाहीत, 'पंचम जरा कोरडा वाटतोय' असं तुमच्या तोंडून त्यानं ऐकलं नाही, तर पुढच्या पिढीचा कारागीर खोक्यात भरून पाठवायला पुरेल एवढंच काम शिकेल. आणि तुम्हीही कोरडा पंचम आणि भरलेला पंचम यांतला फरक शिकणार नाही. या वर्गात मध्यमा झालेल्या मुली आहेत, ज्यांना तानपुरा जुळवता येत नाही. विशारदची तयारी करणारा एक जण आहे, जो खुंटी पिरगळून झाल्यावर मणी सरकवायचा असतो हे विसरतो. घरी आलेलं वाद्य जुळवून कोण दाखवणार? पार्सल आणणारा मुलगा?

एक तानपुरा व्हायला काय काय लागतं तेही ऐकून ठेवा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडं भीमेच्या काठी त्यासाठी खास भोपळे पिकवतात, कडू आणि जाड सालीचे. ते वाळवायचे, कापायचे, पाण्यात भिजवायचे, आतला गर खरवडून काढायचा, आकार धरून राहावा म्हणून आतून काड्यांचा टेकू देऊन पुन्हा वाळवायचे. तुणाची लाकडं मुरवून ठेवायची, कारण ओल्या लाकडाची तबली पुढं हमखास वाकते. या सगळ्यात महिने जातात आणि तेवढे महिने कारागिराचा पैसा अडकून पडतो. 'बाई, ते एवढे पैसे का सांगतात?' असं मला विचारायला येता, तेव्हा मुरत पडलेली ती लाकडं डोळ्यांपुढं आणा.

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या गटावर ती बातमी कितीजणांनी टाकली, 'अभिमान आहे' असं लिहिलं. त्यातल्याच काहींनी त्यानंतर जो तानपुरा घेतला, तो कुणी केला, कुठं केला, कुठल्या लाकडाचा आहे, याचा त्यावर पत्ताच नाही. मी विचारलं तर म्हणे रेटिंग चांगलं होतं. रेटिंग देणाऱ्यानं तो जुळवला होता का, हे तुम्ही पाहिलंत? अभिमान वाटत असेल तर तो बिल फाडताना दिसला पाहिजे.

तबल्याच्या वर्गातल्यांनो, तुम्ही सुटलात असं समजू नका. एका वडिलांनी लहान मुलगा म्हणून लहान तोंडाचा तबला मागवला, पाच इंची. मुलगा लहान, म्हणून तबला लहान. अहो, तबल्याचं तोंड मुलाच्या वयावर ठरत नाही, सुरावर ठरतं. सव्वापाच इंचांच्या आसपासचा तबला काळी एकला बोलतो. त्या मुलाला बहिणीच्या गाण्याला साथ करायची आहे, ती काळी चारला गाते. तिच्यासाठी मोठ्या तोंडाचा हवा, सहा इंचांच्या जवळपास. त्यांनी तोच छोटा उतरवत उतरवत आणला, तर पुडी सैल पडून तो भद्द बोलायला लागला. मग पुन्हा चढवला, ठोकताना गजऱ्याऐवजी शाईवर हातोडी बसली आणि टवका उडाला. शाई म्हणजे काळा रंग नव्हे. लोखंडाचा कीस आणि खळ यांचे पातळ थर एकावर एक चढवून, प्रत्येक थर दगडानं घोटून ती बसवतात. घोटताना तिला बारीक भेगा पडतात, आणि त्या भेगांमुळेच ती पानाबरोबर हलते, म्हणून नाद येतो. वडिलांनी खोक्यावरच्या नंबरला फोन केला, तर पलीकडच्याला शाई म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. त्या बिचाऱ्याला कुणी शिकवलेलं नाही, त्याच्यावर माझा राग नाही. शेवटी पुडी बदलून दिली ती पेठेतल्या तबलेवाल्यांनीच. पहिल्या दिवशी त्यांच्याकडे गेला असतात, तर 'कुणाच्या साथीला?' हा त्यांचा पहिला प्रश्न असता.

मॉलमधल्या साखळी दुकानांचंही तेच. गिटारी आणि कीबोर्डांच्या मधोमध एक पेटी ठेवलेली असते. तिचा एखादा सूर उतरला असेल तर तो स्वर पट्टी खरवडून वर आणतात की खाली, टोकाकडं घासायचं की बुडाकडं, हे सांगणारा तिथं कुणी नसतो. पेटीवाला ते डोळे मिटून करतो. टोकाला घासलं तर सूर चढतो, बुडाला घासलं तर उतरतो. तुमच्यापैकी किती जणांनी त्याला हे करताना बघितलं आहे?

आता तुमची कारणं. मला सगळी पाठ आहेत.

'तिथं हजार-दीड हजार स्वस्त पडतं.' पडत असेल. पण नंतर जवारीला, तारांना, नव्या घोडीला, रिक्षाच्या फेऱ्यांना गेलेले पैसे त्यात कुणी धरत नाही. आणि ज्या घराला खरंच परवडत नाही, त्या घराला मी एक शब्दही बोलणार नाही. त्यांना मी आजवर या दुकानदारांकडेच पाठवलं आहे. जुना तानपुरा नीट करून कमी पैशांत देणारे तेच आहेत, हप्त्यानं देणारे तेच आहेत, परीक्षेपुरतं वाद्य भाड्यानं देणारेही तेच. बोलतेय ती ज्यांच्या दारात दोन गाड्या उभ्या असतात त्यांना. वाढदिवसाच्या हॉलला तुम्ही घासाघीस केली नाहीत, आणि ज्या वाद्यावर तुमची मुलगी आयुष्यभर गाणार, तिथं मात्र तुम्हाला हजार रुपये दिसले.

'ते वेळेवर देत नाहीत.' हे खरं आहे, आणि मी त्यांनाही तोंडावर बोलते. मंगळवार सांगतात आणि पुढचा मंगळवार उजाडतो. फोन उचलत नाहीत. दुकानात बोर्ड नाही, भाव लिहिलेला नाही, नवख्या माणसाला आत यायला संकोच वाटतो. त्यांनी सुधारलं पाहिजे, दर लिहून लावले पाहिजेत, तारीख पाळली पाहिजे. पण त्यासाठी भांडायला तरी तुम्ही तिथं जायला हवं. गिऱ्हाईक भांडतं तेव्हा दुकान सुधारतं, गिऱ्हाईक यायचंच थांबलं की ते मिटतं.

'आम्ही परदेशात असतो.' हे मला न्यू जर्सीहून आलेल्या एका आईनं सांगितलं. तिच्या घरात हिवाळ्यात हीटर चालतो, हवा कोरडी पडते आणि भोपळ्याचा जोड उकलतो. तिनं तानपुरा मागवला तो एका भल्यामोठ्या साइटवरून, जिला तिचं शहर माहीत होतं ते फक्त पत्ता छापण्यापुरतं. मिरजेच्या कारागिराला फोन केला असता तर त्यानं आधी पट्टी विचारली असती आणि मग गाव. कुठल्या हवेत वाद्य राहणार हे त्याला कळायला हवं असतं. ते लोक परदेशात वाद्यं पाठवतात, फायबरच्या पेटीत घालून नीट पाठवतात. लांबून मागवण्याला माझा विरोध नाही. ज्याला वाद्य कळत नाही त्याच्याकडून मागवण्याला आहे.

'मोबाइलवर तानपुरा आहे की!' आहे. इलेक्ट्रॉनिक तानपुरा येऊन चार दशकं होऊन गेली, मी त्याच्याशी भांडत बसले नाही. लोकलमध्ये, आगगाडीत, हॉटेलच्या खोलीत तो जरूर लावा. पण घरी तासभर बसता तेव्हा नाही. खऱ्या तानपुऱ्याची तार उतरते, तुम्हाला ते ऐकू यावं लागतं, ती चढवावी लागते. तुमचा कान त्यातच तयार होतो. मोबाइल कधी उतरत नाही, म्हणून तो तुम्हाला काही शिकवत नाही.

माझ्याच व्यवसायातल्या काही जणांनाही मी हे सांगते आहे, कारण ते आज इथं पाहुणे म्हणून बसले आहेत. नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी साइटची लिंक पाठवणारे शिक्षक आहेत. त्यांना दुकानात जायला वेळ नसतो. विद्यार्थ्याचं पहिलं वाद्य निवडताना त्याच्याबरोबर जाणं हे शिक्षकाचं काम आहे, आणि ज्याला ते जड जातं त्यानं फी घेऊ नये.

आता करायचं काय ते ऐका. येत्या रविवारी मिरजेचे कारागीर वर्गात येणार आहेत. ज्यांची वाद्यं बोलत नाहीत त्यांनी सकाळी नऊला घेऊन यायची, गवसणीसकट. वाद्य कुठून घेतलं ते खरं सांगायचं, लपवायचं नाही. कामाचे पैसे ते सांगतील तेवढे, आणि ते काम संपल्याबरोबर द्यायचे, 'नंतर पाठवते' चालणार नाही. ते जवारी काढत असताना कुणी व्हिडिओ काढायचा नाही. शेजारी बसायचं, आणि ते विचारतील, 'आता कसं वाटतंय?' तेव्हा उत्तर द्यायचं, मान डोलवायची नाही. पालकांपैकी ज्यांना या वर्षी नवं वाद्य घ्यायचं आहे, त्यांनी रविवारीच त्यांच्याशी बोलून घ्या किंवा त्या आठवड्यात माझ्याबरोबर पेठेतल्या दुकानात या. मी प्रत्येकाबरोबर येईन.

आणि या वेळी मध्यमाला बसणाऱ्या सगळ्यांनी अर्ज भरण्याआधी माझ्यासमोर चार तारांचा तानपुरा स्वतः जुळवून दाखवायचा आहे. जमला नाही तर अर्जावर माझी सही मिळणार नाही.